वेल्डिंगच्या पुस्तकाला फोटो

बन्सीधरनं आपल्या फोटो स्टुडिओत तिसऱ्या रोलच्या निगेटिव्हची पट्टी काचेवर पसरली, काचेखालचा दिवा लावला आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी डावा डोळा मिटून उजवा भिंगाला लावला, तर पहिल्याच चौकटीत बरोबर मधोमध एक डाग. मसुराच्या डाळीएवढा, करडा, कडेनं धुरकट. निगेटिव्हमध्ये ठिणगी काळी येते हे मला माहीत आहे, पण हा काळा नव्हता आणि ठिणगीच्या जागीही नव्हता. मला आधी रागच आला. मानवतला एस.टी.नं चार खेपा घातल्या, चार दिवसांची रजा गेली, आणि या गड्यानं लेन्स पुसली नव्हती. दुसऱ्या चौकटीत डाग, तिसऱ्या चौकटीत डाग. "बन्सीधर," मी म्हणालो, "बुरशी धरलीय तुझ्या लेन्सला. सगळा रोल गेला." त्यानं भिंग घेतलं, वाकला, एकेक चौकट सावकाश बघत पट्टीच्या शेवटापर्यंत गेला. "सर, डाग न्हाई," तो म्हणाला. "नीट बघ." "नीटच बघायलोय की. लय साफ आलंय. रायभानच्या कपाळावरच्या आठ्या मोजून घ्या." मी पुन्हा भिंग घेतलं आणि या वेळी पट्टी बोटानं हळूहळू सरकवली. पट्टी सरकली, डाग जागचा हलला नाही. मग मी नजर चौकटीच्या कोपऱ्याकडे नेली, तर तो माझ्याआधी कोपऱ्यात जाऊन बसलेला. भिंग खाली ठेवून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, डावा डोळा मिटूनच. आजची तारीख तिथं नव्हती. आजूबाजूच्या सगळ्या होत्या. डावा डोळा उघडला तशी तारीख आली. "भिंगच खराब असेल," मी म्हणालो. बन्सीधरनं सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसलं आणि गुमान खणात ठेवून दिलं.

हे सगळं झालं ते पुण्याच्या प्रकाशकाच्या एका पत्रामुळे. मी आय.टी.आय.मध्ये वेल्डिंग शिकवतो. वीस वर्षं मी एकच तक्रार ऐकत आलो, की पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि पोरं जिंतूर-पाथरीकडची आहेत. म्हणून मीच मराठीत लिहायला घेतलं. 'वेल्डिंग: पद्धती आणि काळजी'. दोन वर्षं लिहीत होतो. कमलबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सगळं पुस्तक सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. ती सातवी शिकलेली आहे आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा, आमच्या प्राचार्यांपेक्षा, किंबहुना त्या प्रकाशकापेक्षाही चांगलं आहे. चित्रांसाठी मी परदेशी कॅटलॉगांमधली पानं कापून चिकटवली होती. पांढरे हातमोजे घातलेला, इस्त्रीच्या कपड्यातला गोरा माणूस आरशासारख्या नळीला सांधा घालतोय, अशी. प्रकाशकानं लिहिलं, ही चित्रं चालणार नाहीत, आपल्याकडच्या कारागिरांची स्पष्ट कृष्णधवल छायाचित्रं पाठवा, प्रत्येक पद्धतीचं एक आणि पहिल्या प्रकरणासाठी एक. पहिलं प्रकरण म्हणजे 'डोळ्यांची काळजी'. ते मी सगळ्यात आधी आणि सगळ्यात मन लावून लिहिलेलं. पत्र वाचून मी खुशच झालो. आपल्याकडची माणसं पुस्तकात येणार, याचा मला मनापासून आनंद झाला होता, हे आता सांगून टाकलेलं बरं.

आपल्याकडची माणसं मात्र फोटोत येताना फार त्रास देतात. पेडगावच्या लोहाराकडे बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून सांधताना, म्हणजे भट्टीतलं वेल्डिंग, बन्सीधरनं बारा फोटो काढले. बाराही फोटोत नुसता धूर आणि त्यातून वर आलेला एक हातोडा. दुसऱ्या दिवशी लोहारानं फेटा बांधला, मिशीला तेल लावलं, घण खांद्यावर घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघत उभा राहिला. धाव जमिनीवर थंड पडलेली. शेवटी त्याची आई म्हणाली, "आरं, फोटू तुजा न्हाई, तुज्या कामाचा हाय," तेव्हा कुठं तो वाकला, आणि त्या वाकण्यात एक चांगला फोटो मिळाला. गॅसचं वेल्डिंग स्टेशनाजवळच्या गॅरेजमध्ये मिळालं. तिथला मिस्त्री ज्योत लावली की श्वास कोंडून धरायचा, आणि फोटोत ते गाल फुगलेले दिसतात, पण चालण्यासारखं आहे. सायकलच्या फ्रेमला पितळ वितळवून झाळ द्यायचा फोटो एका झटक्यात आला. राहिलं आर्कचं. विजेच्या ठिणगीचं. सगळ्यात महत्त्वाचं तेच, आणि त्यासाठी जिल्ह्यात एकच माणूस माझ्या डोक्यात होता, मानवतचा रायभान. धनगराचा मुलगा, मेंढरामागं हिंडायचं सोडून कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोर पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगला बसला त्याला तीस वर्षं झाली. कधी कुठं शिकला नाही. त्याचा सांधा मी वर्गात नेऊन दाखवतो आणि हा कुणाचा हे सांगत नाही.

मी सोळा वर्षांचा असताना पोखर्णीहून कापसाच्या गाड्यांबरोबर मानवतला यायचो, तेव्हा रायभान नुकताच त्या शेडमध्ये बसायला लागला होता. दुपारच्या उन्हातसुद्धा शेडमधून निळा उजेड बाहेर यायचा आणि समोरच्या भिंतीवर माणसांच्या सावल्या उड्या मारायच्या. गाडीवरची सगळी मोठी माणसं 'तिकडं बघू नका रे' म्हणून ओरडायची आणि स्वतः बघायची. मी बोटांच्या फटीतून बघायचो. वेल्डिंगकडे मी वळलो तो त्या उजेडापायी. पुढं हैदराबादला शिकायला गेलो, तिथं आमचे उस्ताद पहिल्या दिवशी तोंडापुढं धरायची काळ्या काचेची शील्ड हातात देऊन म्हणाले होते, "पहले आँख बचा, हाथ बाद में सीखेगा." मी ते इतकं पाळलं, की शील्ड उचलून बघणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर काढतो, तोंडी परीक्षेत डोळ्यांच्या प्रश्नाला अडखळला तर नापास करतो. असे दोघं नापास झालेले अजून मला बाजारात भेटले की तोंड फिरवतात. यात मला कधी चुकलं असं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

आणि तरी मानवतला मी काय केलं ते असं. आर्क एकदा पेटली की फोटोत तिच्याभोवती सगळं पांढरं होऊन जातं, माणूस दिसत नाही. लेन्सला काळी काच लावली तर ठिणगीचा ठिपका तेवढा येतो, बाकी काळोख. पहिला रोल असाच गेला. मग बन्सीधरनं डोकं चालवलं. रॉड लोखंडाला टेकतो न टेकतो, ठिणगी उडते पण अजून फुलत नाही, तेवढ्याच क्षणाला बटण दाबायचं. पण तो क्षण सांगणार कोण? काळ्या काचेतून आर्क पेटायच्या आधी काहीच दिसत नाही. तो क्षण पकडायचा तर रॉडच्या टोकाकडे उघड्या डोळ्यानंच बघत राहावं लागतं. बन्सीधर कॅमेरा लावून, वायरचं बटण हातात घेऊन, मान वळवून उभा राहिला. "मी न्हाई बघनार सर. डोळे म्हंजी माझं दुकान हाय." तेव्हा मी हसलो होतो. मी रायभानच्या शेजारी उकिडवा बसलो, नेम धरतात तसा डावा डोळा मिटला, आणि रॉडचं टोक लोखंडाजवळ गेलं की 'हं!' म्हणायचो. हं म्हणायचो आणि मग मान वळवायचो. मध्ये असा किती वेळ जात असेल? पापणी लवायला लागतो तेवढा. पण दोन रोल, म्हणजे बहात्तर वेळा 'हं'. शिवाय बन्सीधरनं न दाबलेले वेगळे, आणि नीट जमलं की नाही म्हणून मी जरा जास्त बघत राहिलो ते वेगळे. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. कमलबाई बटाट्याच्या चकत्या कापून डोळ्यांवर ठेवायची, सगळ्याच वेल्डरांच्या बायका ठेवतात तशा, आणि सकाळी बरं वाटायचं. एकदा नामांतराच्या बंदमुळे एस.टी. आठ दिवस मिळाली नाही, तेव्हा डोळ्यांना आपोआप आराम मिळाला. बंद उठला तसा मी पहिल्या गाडीनं पुन्हा मानवतला गेलो.

स्टुडिओतून घरी येताना मी सायकल हातात धरून चालत आलो. चालताना डावा डोळा मिटून दुकानांच्या पाट्या वाचत होतो. 'किराणा' मधला 'रा' दिसत नव्हता. समोरून येणाऱ्या माणसाचा सदरा दिसायचा, टोपी दिसायची, चेहरा नाही. आमच्या गल्लीतले आबासाहेब देशमुख समोरून येऊन "काय सर, डोळा मारायलाव काय?" म्हणाले तेव्हा मी डोळा उघडला. त्यांना म्हणालो, कचरा गेलाय. हे पहिलं खोटं, आणि ते इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. दोन्ही डोळे उघडे असले की सगळं पूर्वीसारखं होतं. म्हणजे हे किती दिवसांपासून आहे तेही मला सांगता येत नव्हतं. एका डोळ्यानं बघायची वेळ माणसावर येते कधी? मी हिशेब लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मला भीती वाटत होती, आणि तिच्याइतकीच लाजही वाटत होती. लाज जास्त होती म्हणा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी तीन दिवसांनी गेलो. त्यांनी थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग बॅटरी लावून बराच वेळ आत बघितलं. "पडद्यावर मधोमध भाजल्यासारखी खूण आहे," ते म्हणाले. "काय काम करता?" मी म्हणालो, शिकवतो. "काय शिकवता?" माझ्या तोंडून 'मराठी' गेलं. का, ते विचारू नका. डॉक्टर तरुण होते, लातूरकडचे, मला ओळखत नव्हते. त्यांनी हनुवटीला हात लावला, विचार केला आणि म्हणाले, "ऐंशी साली ते मोठं ग्रहण झालं होतं, ते उघड्या डोळ्यानं बघितलं होतं का?" समोर कुणी दार उघडून धरावं तसं मला झालं. मी म्हणालो, हो, बघितलं. "तेच," डॉक्टर म्हणाले. "खूण ताजी वाटते खरी, पण तेच असणार. हे चष्म्यानं जात नाही, औषधानंही फारसं नाही. दुसरा डोळा उत्तम आहे, तो जपा. वाचायचं काम आहे तुमचं, तेवढं निभेल." मी आभार मानले. मराठीचा मास्तर असतो तर निभलं असतं. बावीस पोरांच्या हातातलं लोखंड तपासायचं, सांध्यात केसाएवढी भेग आहे की नाही ते सांगायचं, आणि एका डोळ्याच्या माणसाला कितपत खोल दिसतं ते मला माहीत आहे. हे कळलं तर मला भांडारात बसवतील. नट-बोल्टांच्या नोंदी करत दहा वर्षं काढायची. आमच्याकडे एक दत्तराव होते, हात अधू झाल्यावर त्यांना तिथं बसवलं होतं, आणि आम्ही सगळे चहाला जाताना त्यांना हाक मारायचं विसरायचो. मीसुद्धा.

कमलबाईला मी ग्रहणाचंच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. "कंचं गिरान?" "ऐंशीचं. फेब्रुवारीतलं." "त्या दिशी आपुन पोखर्णीला व्हतो," ती म्हणाली. "आत्याबाईनी समदी दारं-खिडक्या लावून घेतल्या व्हत्या. पाण्यावर तुळस ठिवली. तुमी मधल्या घरात घोंगडं पांघरून निजलाव व्हता. मी म्हनले, तुमच्याकडं ती काळी काच हाय, चला गच्चीवर, आपुन बघू. तर तुमी म्हनलाव, आईला आवडायचं न्हाई." तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पार्वतीबाई, माझी आई, ग्रहण सुटेपर्यंत कुणाला उंबऱ्याबाहेर पाय टाकू द्यायची नाही. ग्रहण बघायची योग्य नंबरची काच अख्ख्या पोखर्णीत फक्त माझ्या पिशवीत होती, आणि मी घोंगड्याखाली झोपलो होतो. खरं ग्रहण मी काच असून बघितलं नाही, आणि आता न बघितलेल्या ग्रहणावर सगळं ढकलत होतो. कमलबाईनं सूप उचललं, खडे बाजूला टाकले, आणि "डाक्टर काय म्हनले?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, जपा म्हणाले.

पुढचा आठवडा मी वर्कशॉपमध्ये फार कडक वागलो. एका पोराची शील्ड एक बोट वर होती म्हणून त्याला दिवसभर बाहेर उभं केलं. सांधे तपासताना ते उजेडाला धरून, मान तिरकी करून, डाव्या डोळ्यानं बघत होतो, आणि कुणी बघतंय का हेही बघत होतो. शनिवारी एक सांधा मी पास केला, आणि तो टेबलावर ठेवताना बोटाला भेग लागली. डोळ्याला दिसली नव्हती, बोटाला लागली. मी पोराला परत बोलावलं नाही. बोलावलं असतं तर आधी का पास केलं ते सांगावं लागलं असतं. तो सांधा मी माझ्या खणात टाकला आणि कुलूप लावलं. मी हे करतोय हे मला दिसत होतं, तेवढं दिसायला डोळा लागत नाही.

रविवारी बन्सीधरला घेऊन पुन्हा मानवतला गेलो. रायभानचा जो सर्वोत्तम फोटो आला होता तो पुस्तकात टाकता येत नव्हता. त्यात तो लोखंडी चॅनेलच्या कोपऱ्यावर टाका मारतोय, म्हणजे सांधा घालायच्या आधी दोन तुकडे जागच्या जागी धरून ठेवायला एक ठिपका लावतोय, आणि तोंडावर शील्ड नाही. ठिणग्या फुलायच्या बेतात, हात स्थिर, डोळे गच्च मिटलेले. फोटो इतका चांगला होता की बघवत नव्हता. पण डोळ्यांच्या काळजीवर प्रकरण लिहायचं आणि पुढं हा फोटो छापायचा, हे कसं जमावं? म्हणून त्याला आमच्या वर्कशॉपमधलं डोक्यावरचं हेल्मेट घालायला दिलं. रायभाननं ते घातलं आणि पहिल्यांदा त्याचा रॉड लोखंडाला चिकटून बसला. दुसऱ्यांदा सांधा वेडावाकडा गेला. त्यानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "सर, ह्यात मला आवाज येईना," तो म्हणाला. "भजी तळल्यावानी आवाज आला तर सांदा बरुबर हाय. मी कानानं करतो. लांब सांद्याला काच धरतो की हातात, हे टाके तेवढे डोळे झाकून मारतो." मी नेहमीच्या सवयीनं म्हणालो, हे चुकीचं आहे, एक दिवस डोळे जातील. रायभाननं माझ्याकडे बघितलं. उन्हानं आणि आर्कनं त्याच्या मानेची कातडी काळी पडून सोलवटली आहे, पण डोळे स्वच्छ आहेत. छप्पन्न वर्षांचा माणूस सुईत दोरा ओवतो. "सर, राग मानू नका," तो म्हणाला. "फोटू काढताना मी डोळे झाकून व्हतो. बन्सीधरभाऊ तिकडं तोंड करून व्हते. उघड्या डोळ्यानं बघनारे तुमी एकटेच व्हता. मला लय वाटलं, म्हनावं. पर तुमी मास्तर. तुमाला काय म्हनावं? म्हनलं, शिकलेल्या मानसाला काय तरी उपाय म्हाईत असंल."

उपाय म्हणजे बटाट्याच्या चकत्या. बन्सीधर कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत होता, त्यानं मान वर केली नाही, पण भिंगाचा तो दिवस त्याला आठवला असणार हे मला कळलं. दोघांनाही माहीत होतं, म्हणजे मी जे लपवत होतो ते दोन ठिकाणी आधीच उघडं होतं. मला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. रायभाननं खुर्ची पुढं सरकवली, चहा मागवला. मी त्याला म्हणालो, "रायभान, माझा उजवा डोळा गेलाय." ग्रहण मध्ये न आणता पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते त्याला. त्यानं "आरं देवा" म्हटलं आणि आलेला चहा माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "म्हनायला पायजे व्हतं मी." यात त्याची काही चूक नव्हती, पण ते ऐकून मला रडू आलं, आणि मी चहा गरम आहे असं म्हणालो.

परतल्यावर बन्सीधरच्या स्टुडिओत मी स्टुलावर बसलो आणि त्याला म्हणालो, या डोळ्याचा फोटो काढ. नुसता डोळा, जवळून. त्यानं का म्हणून विचारलं नाही. दोन दिवसांनी पोस्टकार्डाएवढी प्रत दिली. पापण्या, भुवई, बुबुळात खिडकीची चौकट, सगळं स्पष्ट. "लय साफ डोळा दिसायलाय सर," तो ओशाळून म्हणाला, जणू चूक त्याच्याकडून झाली. डावा डोळा उघडा ठेवून मीही बघितलं. खरंच चांगला डोळा होता. कुठं डाग नाही, लाली नाही, काही नाही. आमच्या पोरांना दाखवायचं ते नेमकं हेच होतं.

फोटोंखालच्या ओळी कमलबाई लिहून काढत होती. संध्याकाळी चार वाजल्यापासून ओट्यावर बसून आम्ही सगळ्या संपवल्या. भट्टीचं, गॅसचं, पितळेचं, आर्कचं. आर्कला शेवटी गॅरेजमधल्याच माणसाचा, शील्ड धरलेला, बेताचा फोटो घेतला. मग मी डोळ्याचा फोटो तिच्यासमोर ठेवला. तिनं तो उचलला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं आणि पेन उघडलं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. "चित्र क्रमांक एक. लेखकाचा उजवा डोळा. या पुस्तकासाठी फोटो काढताना हा डोळा काचेविना ठिणगीकडे बघत होता." इथं ती थांबली. "किती दिस?" "चार दिवस." "बटाटे आनले ते दिस?" "हो." ती पुढं लिहायला लागली. "बाहेरून डोळा निरोगी दिसतो. त्याला समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही." तिनं पूर्णविराम दिला, शाई वाळू दिली, आणि कागद माझ्याकडे न देता तसाच मांडीवर धरून बसली. "नुसतं लेखक म्हनून ठिवू," ती म्हणाली, "का नाव टाकू?"

"टाक. भगवान गणपतराव शिंदे."

तिनं लिहिलं. तिचं अक्षर मला डाव्या डोळ्यानं नीट दिसत होतं.

"अन् हुद्दा?" तिनं विचारलं. "तुमच्या आय.टी.आय.चे साहेबलोक वाचतील की."

"तोही लिही," मी म्हणालो.